विस्टेरियाची नवी पानं पिवळी पडताहेत (सोलापूर) – काय करावं?

नीला_होटगीरोड | २४ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथले बागकामाचे धागे नियमित वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

आमच्या घराच्या पश्चिमेच्या कंपाउंडलगत विस्टेरियाचा वेल आहे. मुलगा हिमाचलातल्या पालमपूरला नोकरीला होता, तिथल्या नर्सरीतून आणलेलं कलम. आणलं तेव्हा कुंडीत होतं, जांभळ्या फुलांचे दोन घोससुद्धा होते. सोलापुरात जमिनीत लावल्याला हा तिसरा उन्हाळा. पहिल्या वर्षी भिंतीवर सरसर चढला. मागच्या वर्षी मंदावला. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी पालवी फुटली तीच मुळी फिकट. आता ती पानं पिवळी झालीत, शेंड्याकडची तर जवळजवळ पांढरी. शिरा तेवढ्या हिरव्या. कडा करपल्यात आणि दोन-तीन फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्यात. खालची जुनी पानं त्यातल्या त्यात बरी आहेत.

शेणखत, निंबोळी पेंड दिली आहे. मागच्या महिन्यात १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं) खतसुद्धा दिलं. फरक नाही. पाण्याची हयगय नाही, वाफा कायम ओला असतो. इथल्या नर्सरीवाल्याने युरिया टाकायला सांगितलंय, पण हात धजत नाही. फुलं इथे आल्यापासून एकदाही नाहीत, पण त्याचं नंतर बघू. आधी वेल जगू दे.

फोटो जोडलेत.

केदार_७७ | २४ एप्रिल

पिवळी पानं म्हणजे मॅग्नेशियम कमी. एप्सम सॉल्ट, एका लिटरला एक चमचा, आठवड्यातून एकदा फवारा. माझ्या गुलाबाला जादूसारखं लागू पडलं.

पक्का_सोलापुरी | २४ एप्रिल

ताई, हे हिमाचलचं झाड. आपल्याकडं एप्रिलात माणसं पिवळी पडायलीत, झाडाचं काय घेऊन बसलात! जोक अपार्ट, कढीपत्त्याला आमची आई आंबट ताक घालती. लोखंडी खिळे टाकून चार दिवस ठेवलेलं. करून बघा की.

गच्चीवरची_बाग | २५ एप्रिल

आधी एक खात्री करून घेऊ. हा नक्की विस्टेरियाच आहे ना? मैदानी भागातल्या नर्सऱ्यांमध्ये पेट्रिया, म्हणजे आपली नीलमणी वेल, बिनदिक्कत ‘विस्टेरिया’ म्हणून विकतात. फोटोत पानं नीट दिसत नाहीत. नीलमणीचं पान साधं, एकेकटं आणि हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. विस्टेरियाचं पान संयुक्त असतं. एका देठावर दोन्ही बाजूंना पर्णिका आणि टोकाला एक. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून विचारतेय.

नीला_होटगीरोड | २५ एप्रिल

संयुक्तच आहे. आत्ता टॉर्च घेऊन मोजून आले, काही पानांना ९ पर्णिका, काहींना ११. मऊ आहेत, खरखरीत अजिबात नाहीत.

व्हर्जिनियाची_वेदा | २५ एप्रिल

मग विस्टेरियाच, आणि बहुतेक चिनी. त्याला साधारण ७ ते १३ पर्णिका असतात, जपानी असता तर आणखी जास्त. इथे अमेरिकेच्या आग्नेय भागात चिनी विस्टेरिया उपद्रवी म्हणून बदनाम आहे, झाडांना विळखे घालून जंगलात माजतो. माझ्या मागच्या अंगणातला मी दरवर्षी छाटते आणि तो दरवर्षी माझ्यावर सूड उगवतो. तुमच्याकडे मरतोय हे वाचून खरं सांगते, थोडा हेवा वाटला.

दोन गोष्टी सांगाल का? वाळलेल्या फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. आणि जमिनीलगत कलमाचा सांधा दिसतोय का? त्याच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्याची असते. ती सगळी ताकद खाते आणि तिला फुलं यायला दहा-पंधरा वर्षंही लागतात, कारण खुंट सहसा बियांपासून वाढवलेला असतो.

युरियाला मात्र ठाम नाही म्हणा. हे झाड शेंगावर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतून बराचसा नत्र स्वतःच मिळवतं. वरून नत्र घातला की पाला माजतो आणि फुलं जातात.

बार्शीकर_द्राक्षवाला | २५ एप्रिल

नीलाताई, फोटो मोठा करून बघितला. नव्या पानावर पिवळेपणा आणि शिरा हिरव्या, याला आम्ही बागेत डोळे झाकून लोह म्हणतो. केदारभाऊ, मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते, कारण झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की आधी नवा शेंडा उपाशी राहतो. ताईंची जुनी पानं बरी आहेत म्हणतात, म्हणजे एप्सम सॉल्टचं काम नाही. शिवाय तेही क्षारच. कडा करपलेल्या झाडाला आणखी क्षार कशाला?

पण लोह ‘कमी’ आहे म्हणजे मातीत नाही असा अर्थ घेऊ नका. आपल्या काळ्या मातीत लोह ढिगाने असतं. बेसॉल्ट झिजून झालेली माती ही. अडचण चुनखडीची. पीएच (मातीचा आम्ल-विम्लपणा) आठच्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळाला उचलता येत नाही. नान्नज-बार्शी पट्ट्यात या रोगाने चांगल्या चांगल्या बागा पिवळ्या केल्यात, आणि आमची द्राक्षाची कलमं तरी डॉगरीज या क्षार सोसणाऱ्या खुंटावर असतात. तुमच्या वेलाचा खुंट हिमाचलचा, त्याला चुनखडी माहीतच नाही.

तेव्हा औषध नंतर. आधी पाणी कुठलं देता आणि वाफ्यात माती कुठली भरलीय ते सांगा.

नीला_होटगीरोड | २६ एप्रिल

साल खरवडली. वाळलेल्या दोन फांद्या आतून तपकिरी आहेत, तिसरी थोडी वरपर्यंत हिरवी. सांध्याच्या खालून एक लांब फूट आहे, आणि गंमत म्हणजे तीच सगळ्यात कमी पिवळी.

माती बांधकामाच्या वेळची आहे. वरचा फूटभर थर नंतर काळी माती आणून भरला, खाली काय आहे माहीत नाही. पाण्यासाठी नळ चार-पाच दिवसांनी येतो, ते पिण्यात आणि स्वयंपाकात जातं. बागेला बोअरचं. त्याशिवाय स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी पाईपने थेट याच वाफ्यात सोडलंय, बसवणाऱ्या मुलानेच तशी सोय करून दिली. आणि उन्हाळ्यात कूलर धुताना टाकीतलं पाणी.

बार्शीकर_द्राक्षवाला | २६ एप्रिल

सापडलं.

ताई, तो पाईप आजच काढा.

आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही, ते फक्त वेगळे काढतं. तुमच्या ग्लासात गोड पाणी येतं आणि बाकीचे सगळे क्षार उरलेल्या पाण्यात जातात. यंत्रात जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) समजा ९०० आहे. यंत्र त्यातलं तीस टक्के पाणी शुद्ध करून देत असेल, तर वाफ्यात जाणारं पाणी साडेबाराशेच्या पुढचं. कूलरचं त्याहून वाईट. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साठतात. कूलरच्या गवतावर पांढरी साय धरते ना, तीच तुमच्या मुळांवर धरलीय.

आणि ‘वाफा कायम ओला’ हे दुसरं दुखणं. काळी माती ओली राहिली की फुगते, तिच्यातली हवा संपते. मुळाला श्वास मिळाला नाही तर तेही लोह उचलत नाही. म्हणजे चुनखडी, क्षार आणि दलदल, तिघांनी मिळून धरलंय.

पक्का_सोलापुरी | २६ एप्रिल

आयला! आमच्या तुळशीला पण आरओचंच पाणी जातंय. पळतो.

रानवाटा | २६ एप्रिल

माफ करा, पण सोलापूरसारख्या ठिकाणी विस्टेरिया लावायचाच कशाला? आपल्याकडे मधुमालती, जाई, कृष्णकमळ काय कमी आहेत? दुष्काळी जिल्ह्यात पाण्याची अशी चैन बघून वाईट वाटतं.

गच्चीवरची_बाग | २६ एप्रिल

रानवाटा, तुमचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे. लावलेलं झाड आजारी आहे आणि त्याबद्दल विचारलंय, एवढंच इथे बघू या. शिवाय ताई वाया जाणारं पाणीच वापरत होत्या, चैन कसली? आणि कृष्णकमळही बाहेरून आलेलंच आहे बरं का.

नीलाताई, आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका. कागदावर लालसर ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे, उन्हाळ्यात भिंतीच्या धगीत हमखास येतो. खोडावर तपकिरी, टणक, शिंपल्यासारखे फुगवटे दिसले तर खवले कीड. मुंग्यांची रांग वर चढत असेल तर कीड आहे असंच समजा.

आणि त्याच वाफ्यात दुसरं काय लावलंय? ते कसं आहे?

नीला_होटगीरोड | २७ एप्रिल

पाईप काढला! तूर्त बादलीत सोडलाय.

कागदावर काही नाही. खोड स्वच्छ. मुंग्या आहेत, पण त्या जास्वंदीवर. त्याच वाफ्यात जास्वंद आहे, तीही पिवळट. कोपऱ्यातली बोगनवेल मात्र मस्त. मला वाटायचं बोगनवेलच सगळं खाऊन टाकतेय.

बार्शीकर_द्राक्षवाला | २७ एप्रिल

बोगनवेल क्षार आणि चुनखडी दोन्ही पचवते, जास्वंद पचवत नाही. त्या एका ओळीत तुमचा माती परीक्षणाचा अहवाल आला, तरी माती तपासून घ्याच. वाफ्याच्या चार जागांहून, वरची दोन बोटं माती बाजूला सारून, फूटभर खोलपर्यंतची घ्या. एकत्र करून अर्धा किलो न्या. पीएच, ईसी (क्षारांचं माप) आणि मुक्त चुना एवढं तरी बघायला सांगा. विद्राव्य सोडियम मिळालं तर उत्तम. बोअरचं पाणीही तपासा.

घरगुती परीक्षा म्हणून लोक मातीवर व्हिनेगर टाकतात. फसफसलं की चुनखडी. पण सोलापुरात कुठलीही माती फसफसते, त्यावरून फार काही कळत नाही.

आता लगेच काय करायचं. मेमध्ये मुळाला हात लावू नका. उकरणं नाही, हलवणं नाही. विस्टेरियाची मुळं खोल जातात आणि हलवलेलं त्याला मानवत नाही. आपल्याकडे ४२-४३ अंशांत तर नाहीच. पाणी रोज नको. चार बोटं माती उकरून बघायची, खाली ओल लागली तर थांबायचं. देताना भरपूर द्यायचं म्हणजे क्षार खाली जातील, थोडं थोडं दिलं की ते वरच साठतात. बोअरपेक्षा नळाचं मिळालं तर बघा. घरात एसी असेल तर त्याचं पाणी जमवा, ते हवेतून गाळलेलंच असतं, क्षार जवळजवळ शून्य.

बुंध्याभोवती उसाचं पाचट नाहीतर शेंगांची टरफलं चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. आपल्याकडे दोन्हीला तोटा नाही.

पानांवर फवारणीला एका लिटरला हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम. आधी सायट्रिक विरघळवा, मग हिराकस. पाणी पिवळं-तांबूस झालं तर फेकून द्या, त्यातलं लोह गेलं. संध्याकाळी ऊन कलल्यावरच फवारा आणि आधी एका फांदीवर करून दोन दिवस थांबा. भिंतीवर उडालं तर डाग जाणार नाही, कागद लावा.

व्हर्जिनियाची_वेदा | २७ एप्रिल

आणि खालची फूट लगेच काढून टाका. ठेवलीत तर वरचं कलम संपलंच.

बार्शीकर_द्राक्षवाला | २८ एप्रिल

वेदाताई, इथे माझं जरा वेगळं मत. वरची पानं पांढरी झालीत म्हणजे त्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे अन्न तयार होत नाही. आज मुळांना पोसतेय ती ती खालची फूटच. उन्हाळ्यात ती काढली तर मुळं उपाशी मरतील. माझ्या मते तिचा शेंडा खुडून ठेवा, लांब जाऊ देऊ नका, पण मुळापासून काढू नका. वरचं सुधारलं की हिवाळ्यात काढा.

व्हर्जिनियाची_वेदा | २८ एप्रिल

निरोगी झाडात मी ऐकलं नसतं. या अवस्थेत तुमचं पटतंय. पण हिवाळ्यात नक्की हं, नीलाताई. विसरलात तर पाच वर्षांनी पांढऱ्या भिंतीवर हिरवागार, बिनफुलांचा राक्षस असेल.

गच्चीवरची_बाग | २८ एप्रिल

पश्चिमेच्या भिंतीचं विसरू नका. सूर्य मावळल्यावरही ती रात्री नऊपर्यंत भाजत असते. वेल आणि भिंत यांत वीतभर अंतर राहील अशी जाळी किंवा बांबू उभे करा आणि दुपारनंतरच्या उन्हासाठी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. वाळलेल्या पानांच्या कडा थोड्या धगीनेही असू शकतात, सगळं खापर क्षारांवर नको.

पक्का_सोलापुरी, ताकाबद्दल. तांब्याभर ताकाने वाफ्याचा पीएच हलत नाही. आमच्याकडेही घालायचे, आणि कढीपत्ता टवटवीत व्हायचा तो बहुतेक त्यातल्या खिळ्यांमुळे. ताक आंबट, त्यात थोडं लोह विरघळतं. कुंडीला चालेल, मुंग्या मात्र येतात.

नीला_होटगीरोड | १६ मे

अहवाल आला. पीएच ८.४, ईसी १.९, मुक्त चुना १४ टक्के. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९४०.

पाचट, शेडनेट, एसीचं पाणी, सगळं सुरू आहे. दोन फवारण्या झाल्या. पानांवर हिरवे ठिपके आलेत! जिथे थेंब बसला तिथेच हिरवं, बाकी पान तसंच. फोटो टाकलाय. हे काय आहे?

एकाने सांगितलं, गंधक टाका, पीएच खाली येईल. किती टाकू?

बार्शीकर_द्राक्षवाला | १६ मे

ते ठिपके म्हणजे निदान पक्कं झालं. लोह जिथे पोचलं तिथे पान हिरवं झालं. दुखणं दुसरं काही असतं तर असं झालं नसतं.

गंधकाचा हिशेब करून दाखवतो. वाफा चार बाय चार फूट आणि दोन फूट खोल धरा. माती होते साधारण अकराशे किलो. त्यात १४ टक्के चुना म्हणजे १५४ किलो. शंभर किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतो, म्हणजे तुम्हाला ४९ किलो. पोतंभर गंधक ओतलंत तर पीएच हलायला सुरुवात होईल, आणि तोवर भिंतीखालून नवा चुना येतच राहील. मूठभर गंधकाने काही होत नाही, लोक टाकतात आणि समाधान मानतात. शेणखतात मिसळून मुळाजवळ दोन-तीन खड्ड्यांत भरला तर तेवढ्या जागेपुरता उपयोग होतो, मुळं तिथून उचलतात. बस.

हिराकससुद्धा नुसता मातीत टाकू नका, अशा मातीत तो लगेच बांधला जातो. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून वेष्टणात धरलेलं, आणि तेही ईडीडीएचए प्रकारचं. दुकानदार ईडीटीए देईल, स्वस्त असतं, पण साडेआठच्या आसपासच्या पीएचला ते तग धरत नाही. ईडीडीएचएची पावडर गर्द लाल-तपकिरी असते, पाण्यात टाकली की लालभडक होते. दहा लिटरला दहा ग्रॅम, मुळांच्या घेऱ्यात, ओलीवर आणि सूर्य मावळल्यावर, कारण उन्हाने ते खराब होतं. द्राक्षाच्या औषधांच्या दुकानात मिळेल. महाग आहे, पण तुम्हाला एकच वेल आहे, आम्हाला एकरावर द्यावं लागतं!

ईसी १.९ ही मला पीएचपेक्षा जास्त खटकतेय. ती पावसाने खाली येईल, पण पाणी खाली निघून जायला वाट हवी. फूटभर खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच दिसलं तर निचरा नाही.

नीला_होटगीरोड | १८ मे

सकाळी अर्ध्याहून जास्त पाणी तसंच होतं.

नीला_होटगीरोड | २९ जून

पहिले दोन पाऊस झाले, मग माळीमामांना घेऊन वाफ्याची बाहेरची बाजू उकरली. बुंध्यापासून दोन फूट सोडून चर घेतला. फूटभर काळ्या मातीखाली काय निघालं असेल? विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टरचा चुरा, एक अख्खी फुटकी फरशी. घमेली भरभरून काढली. त्या बाजूची मुळं काही तपकिरी, मऊ, बोटांनी साल सुटून यायची. वास येत होता. भिंतीकडच्या बाजूची मात्र पांढरी आहेत.

मामांनी सडकी मुळं कापली. चरात खाली मुरूम, वर लाल माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू असं भरलं. वाफ्याला गटाराच्या दिशेने उतार दिलाय. ईडीडीएचए दोनदा दिलं. नवे शेंडे हिरवे आहेत! जुनी पांढरी पानं मात्र तशीच.

गच्चीवरची_बाग | ३० जून

वा! जुनी पांढरी पानं राहू द्यात, ती आपोआप गळतील. मुळं कापलीत तेवढ्या हिशेबाने वरचा भारही थोडा कमी करा, वाळलेल्या फांद्या हिरव्या सालीपर्यंत छाटा. आणि नव्या खताची घाई नको.

सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा निचऱ्यावर लक्ष ठेवा. वर्षभराचा पाऊस तसा कमीच, पण त्यातला मोठा हिस्सा त्या एका महिन्यात कोसळतो आणि काळी माती तेव्हाच मुळं कुजवते. गच्चीच्या पन्हाळीचं पाणी पिंपात धरता आलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थोडं पुरेल.

केदार_७७ | ३० जून

मी एप्सम सॉल्ट सांगितलं होतं, पण धागा वाचतोय हां सगळा. नवीन माहिती मिळाली.

नीला_होटगीरोड | ११ ऑक्टोबर

खूप दिवसांनी. सप्टेंबरच्या पावसात एकदा वाफ्यात पाणी तुंबलं, पण दुपारपर्यंत उतरलं. वेल दोन्ही बाजूंना चढलाय. शेंड्याची पानं छान हिरवी. जास्वंदही सुधारली आणि फुलतेय.

आता लोभ सुटला. फुलं कधी येतील? जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थंडी पडते आमच्याकडे, तेवढी पुरेल का?

व्हर्जिनियाची_वेदा | ११ ऑक्टोबर

खरं सांगू? माझा अंदाज, फार कमी किंवा अजिबात नाही. याच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात तयार होतात, मग झाड पानं गाळून हिवाळाभर झोपतं आणि वसंतात, पानांच्या आधी किंवा पानांबरोबर, फुलतं. शिमला, मसुरीला ते जमतं. सोलापूरला डिसेंबरातही रात्रीचं तापमान १४-१५ अंशांच्या आसपास, म्हणजे झोप धड लागतच नाही. तुमचं कलम फुललेलं आणलं होतं ते पालमपूरच्या थंडीवर.

तरी छाटणी करून बघा. लांब गेलेल्या फांद्या पावसाळ्याच्या मध्यावर पाच-सहा डोळ्यांवर आणि जानेवारीत पुन्हा दोन-तीन डोळ्यांवर आणा. त्या आखूड खुंट्यांवरच फुलं येतात, आली तर. यंदा पावसाळ्यातली राहिलीय, ती आता करू नका. शेंगा धरल्या तर लहान मुलांपासून, कुत्र्यापासून जपा, बिया विषारी असतात.

गच्चीवरची_बाग | १२ ऑक्टोबर

जांभळे घोस हवेत एवढंच असेल तर कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला नीलमणी लावा. ऊन तिला आवडतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खी वेल जांभळी होते. आतलं गडद फूल दोन-चार दिवसांत गळतं, पण बाहेरचा चांदणीसारखा फिकट भाग कितीतरी दिवस राहतो, त्यामुळे बहर लांबतो. विस्टेरिया पानांच्या सावलीसाठी ठेवा, पश्चिमेची भिंत तेवढीच गार राहील.

नीला_होटगीरोड | १२ ऑक्टोबर

हे आवडलं. नीलमणी आणते. पण विस्टेरियाला जानेवारीत छाटणारच, मुलाला शब्द दिलाय.

बार्शीकर_द्राक्षवाला | १२ ऑक्टोबर

आणि त्याच दिवशी सांध्याखालची फूट! आता काढायला हरकत नाही. बुंध्यापासून ओढून काढा, कात्रीने कापलीत तर तिथून चार फुटतील. जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).

मार्चमध्ये पालवी फुटली की ईडीडीएचएचा पहिला डोस द्या. हे दुखणं जात नाही, ताब्यात ठेवावं लागतं. बोअरचं पाणी देताय तोवर दरवर्षी.

सुगंधा_विजापूररोड | ३ नोव्हेंबर

धागा आजच वाचला, सगळा. एक शंका: मग आरओच्या पाण्याचं करायचं तरी काय? रोज दोन बादल्या निघतात, ओतून द्यायला जीव होत नाही.

बार्शीकर_द्राक्षवाला | ३ नोव्हेंबर

फरशी पुसा, संडासात वापरा, गाडी धुवायला चालेल, पण शेवटचा हात साध्या पाण्याचा, नाहीतर काचेवर डाग पडतात. झाडांना द्यायचंच तर नारळाला किंवा बोगनवेलीला, तेही बोअरच्या पाण्याशी आलटून-पालटून, आणि पावसाळ्यात एकदा तरी ती जागा चांगली धुऊन निघाली पाहिजे. कुंडीत कधीच नाही.

पक्का_सोलापुरी | ३ नोव्हेंबर

आमची तुळस वाचली, सांगायचं राहिलंच. आता आई ते पाणी कूलर धुवायला वापरती.